आईच्या नावाची फळी

प्रेरी ग्रीव गावात ओडाली फ्रूजेने रंगवलेली नाही अशी पाटी शोधायची तर सकाळपासून हिंडावं लागेल. भाताच्या गिरणीवरची अक्षरं तिची. खाटकाच्या दारावरचं हसरं डुक्कर तिचं. स्वतःचीच सॉसेजं विकताना डुक्कर हसेल कशाला, असं तिने खाटकाला विचारलंही होतं, पण गिऱ्हाइकाला हसरंच आवडतं म्हणून तो अडून बसला. चर्चच्या आवारात 'इथे गाड्या लावू नयेत' असं सुबक अक्षरात लिहिलंय तेही तिनेच, आणि रविवारी नेमक्या त्याच पाटीखाली गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात. ओडालीला त्याचं काही वाटत नाही. पाटी सरळ आली की तिचं काम संपलं.

हे झालं पोटापाण्याचं. नवरा टेक्ससला तेलविहिरींच्या कामावर गेला आणि तिथलाच झाला, तेव्हापासून पाट्यांनीच तिला जगवलं. पण तिचं स्वतःचं म्हणावं असं काम घरामागच्या जुन्या खुराड्यात चालायचं. कोंबड्या केव्हाच संपल्या होत्या. खुराड्याला तिने खिडकी पाडून घेतली, आत एक स्टूल आणि एक रेडिओ नेऊन ठेवला, आणि भिंतींवर फळ्या लावायला सुरुवात केली. कुणाचा गोठा पाडला, कुणाचं कुंपण मोडलं की सायप्रसच्या जुन्या फळ्या ही उचलून आणणार. एकेका फळीवर एकेक धून. वाजवणारा माणूस नाही, वाद्यही नाही, नुसती धून. वॉल्ट्झच्या संथ नाचाची असेल तर रुंद वळणं, टू-स्टेपच्या उडत्या नाचाची असेल तर छोटे तुटक फटकारे, आणि रंग कुठून यायचे ते तिचं तिला ठाऊक. बघायला आलेली माणसं डोकं तिरपं करून उभी राहायची. एकाने तर विचारलं होतं, "ओडाली, हे पुराचं चित्र आहे की गंबोच्या रश्श्याचं?" तिने त्याला कॉफी दिली नाही.

या कामाला तिचा एक नेम होता. धून वाजत असेल तोवरच कुंचला फळीवर टेकायचा. धून थांबली की हात वर. मग पुन्हा ती रेडिओवर लागेपर्यंत, किंवा भाऊ वेल्टन अकॉर्डियन घेऊन येईपर्यंत, फळी तशीच राहायची. एखादी फळी भाताच्या पेरणीला सुरू झाली तर कापणीला पुरी व्हायची. हा नेम कुणी घालून दिला नव्हता. लहानपणी नाचाच्या हॉलमध्ये मोठी माणसं नाचत, पोरं बाकाखाली झोपत, आणि ही बाकाखाली बसून खडूने जमिनीवर रेघा ओढत असे. संगीत थांबलं की ओढायला काही उरत नसे. बापाचं फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, खुंटीवर उंच टांगलेलं असायचं. ते वेल्टनला मिळालं, मग त्याने अकॉर्डियन धरला तेव्हा चुलतभावाला मिळालं. मुलीला द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही. तिने खडू धरला तो धरलाच.

भातकापणी आटोपली त्या सुमाराला तिची आई, यूला तिचं नाव, वारली. वय झालं होतं, फार हालही झाले नाहीत. दफन झाल्यावर माणसं पांगू लागली तेव्हा आईची धाकटी बहीण ओझीत ओडालीजवळ आली. ओझीतमावशी ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. ती म्हणाली, "तुझ्या घरात वर्षभर वाजवणं नाही. आपल्या घराण्यात असंच असतं."

असं पूर्वी असायचं. घरात माणूस गेलं की फिडल पलंगाखाली जायचं, फोनोग्राफचं तोंड भिंतीकडे व्हायचं, आणि तरण्या पोरींचं एक अख्खं वर्ष नाचाविना कोरडं जायचं. आता कोण पाळतं? पण कबरीवरची माती अजून ओली होती, ओडालीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि समोर मावशी होती. ती "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः खुराड्यात आली, रेडिओची पिन काढली, वायर त्याच्याभोवती घट्ट गुंडाळली आणि वर काळं फडकं टाकून गेली. जाताना भिंतीवरच्या फळ्यांकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

वेल्टनने पुढच्याच आठवड्यात हॉलमध्ये वाजवलं. मावशीने त्याला झापलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हॉल आधीच ठरला होता. आणि आई माझ्या घरात कुठे राहत होती? ओडालीकडे राहत होती. दुखवटा घराला असतो ना?" असल्या युक्तिवादाला तोड नव्हती. वेल्टन लहानपणापासून असाच निसटायचा.

सुरुवातीला ओडालीला जड गेलं नाही. पाट्यांना संगीत लागत नाही, पाट्यांना सरळ रेघ लागते. गिरणीवाल्याचे दोन ट्रक रंगवले, क्रॉफिश, म्हणजे भातखाचरातले मोठे झिंगे, उकळून विकणाऱ्याची नवी पाटी केली. पण थंडी पडली तशी एक गोष्ट तिच्या मनात घर करून बसली. तिला आईची फळी करायची होती.

फळी तिच्याकडे होती. आईच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या मोरीवरची, लांबलचक, पाण्याने रापलेली. ओडालीने ती घासून, तासून पांढऱ्या अस्तराने तयार केली आणि खिडकीसमोर उभी केली. मग तिच्या लक्षात आलं की आईची धून कुठली हेच तिला माहीत नाही. बापाच्या धुना तिच्याकडे ओळीने होत्या. वेल्टनच्या होत्या, चुलतभावाच्या होत्या, शेजारच्या गावातल्या आंधळ्या फिडलवाल्याच्याही होत्या. आईची?

तिने वेल्टनला विचारलं. तो पटकन म्हणाला, "अगं, पपाचा तो हळू वॉल्ट्झ. त्यावर नाचायचे ना दोघं."

"नाचताना आई घड्याळाकडे बघायची. सकाळी गायी कुणी पिळायच्या याचा विचार करायची."

"मग मला काय विचारतेस? गायीला विचार."

धून कळली असती तरी उपयोग नव्हता, कारण घरात वाजवायची चोरी. तिने मनातल्या मनात वॉल्ट्झ म्हणत कुंचला टेकवून पाहिला. जे उमटलं ते पाटीसारखं उमटलं, सरळ, नीटनेटकं आणि मेलेलं. तिने ते ओलं असतानाच पुसून टाकलं. एका शनिवारी ती गाडी काढून हॉलपर्यंत गेली. आतलं वाजवणं भिंतीतून धडधडत बाहेर येत होतं. तिने गाडीचं दार उघडलं, एक पाय खाली टाकला, पुन्हा आत घेतला आणि घरी आली. शब्द दिला होता. तो का दिला, हे तिला सांगता आलं नसतं.

वेल्टनला तिची कीव यायची आणि रागही. "कानात इअरफोन घाल आणि फोनवर लाव. मावशी काय तुझ्या कानात डोकावणार आहे?"

"मला कळेल ना."

"तुला कळून काय होतंय? तुझं तूच चोर, तूच शिपाई."

खरी भीती तिने त्याला सांगितली नाही. आई तिच्या हातून निसटत चालली होती. चेहरा फोटोत सापडायचा, पण घरातली आई सापडत नव्हती. ती दार कसं लावायची, हाक कशी मारायची, ते आठवू गेलं की जागा रिकामी. वर्ष संपेपर्यंत काहीच उरणार नाही आणि मग रेडिओ लावून रंगवायचं तरी काय, असं तिला वाटू लागलं. ओडाली रडणाऱ्यातली नाही. ती रोज खुराड्यात जाऊन त्या पांढऱ्या फळीसमोर बसायची, कॉफी गार करायची आणि परत यायची.

मार्दी ग्राच्या दिवशी, म्हणजे उपासांआधीच्या शेवटच्या सणाला, मुखवटे घालून, घोड्यांवर बसून मंडळी गावभर कोंबड्या मागत फिरली. वेल्टन मागच्या गाडीवर बसून वाजवत होता. तिच्या फाटकाशी येताच त्याने अकॉर्डियन मिटला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं. मुखवटे घातलेली ती दारुडी वरात तिच्या घरासमोरून अगदी चर्चला निघाल्यासारखी चिडीचूप गेली. ओडाली पडद्याआडून बघत होती. तिला भावाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याला ढेकूळ मारावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचे उपास लागले. उपासातल्या पहिल्या शुक्रवारी ओझीतमावशी भात आणि क्रॉफिशचा रस्सा घेऊन आली. घरात कुणी दिसेना म्हणून भांडं हातात घेऊन तशीच खुराड्यात गेली. ओडाली स्टुलावर बसली होती. मावशीने फळीकडे बघितलं.

"हे काय? नुसतं पांढरं?"

"आईचं आहे."

"यूला काय भूत होती?"

एरवी ओडाली हसली असती. त्या दिवशी तिचा तोल गेला. "तुझ्यामुळे आहे पांढरं! मला वाजल्याशिवाय रंगवता येत नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे. तू येऊन रेडिओ गुंडाळून गेलीस. वेल्टन गावभर वाजवत हिंडतोय त्याला कुणी काही बोलत नाही. आणि मला साधं आईचं एक काम करता येईना. वर्ष संपेपर्यंत मला तिचं काही आठवणारसुद्धा नाही!"

मावशीने भांडं खाली ठेवलं, एक रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. तिला घाई नव्हती.

"मी वाजवू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "गाऊ नको कधी म्हटलं? आमच्या वेळी उपासात फिडल बंद, अकॉर्डियन बंद. मग आम्ही काय चाळीस दिवस तोंड शिवून बसायचो? हात धरून गोल करायचो आणि गात गात नाचायचो. दुखवट्यातही गायलेलं चालायचं. तोंड कुणी पलंगाखाली सारत नाही."

"मला गाता येत नाही."

"ते दिसतंयच. तुझ्या आईला येत होतं. तिची किती काढलीस?"

"आई कुठे गायची?" ओडालीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा आवाज खाली आला.

"भांडी घासताना कोण गायचं मग? ताटल्या?"

मावशीचं खरं होतं. आई गायची. रोज, जेवणं झाल्यावर, मोरीपाशी उभी राहून, पाठ करून. लांबलचक गाणी, कुठल्या तरी जुन्या पोरींच्या आणि खलाशांच्या कहाण्या. आणि ओडाली तेव्हा काय करायची, तर रेडिओचा आवाज वाढवायची. आईच्या गुणगुणण्यात फिडल नीट ऐकू यायचं नाही म्हणून. आई कधी रागावली नाही. ती आवाज थोडा कमी करून घ्यायची, स्वतःचा.

"यूला एकदा इथे आली होती ना, तुझ्या या फळ्या बघायला?" मावशी म्हणाली. "इथून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, ओझीत, पोरीने सगळा गाव रंगवलाय."

"आणि?"

"आणि काय? कॉफी प्यायली, गेली."

तो दिवस ओडालीला नीट आठवत होता. तिने आईला एकेक फळी दाखवली होती, ही पपाची, ही वेल्टनची. आईने सगळं बघून विचारलं होतं, "यात बायकांचं एकही नाही का गं?" आणि ओडाली हातातला कुंचला पुसत म्हणाली होती, "बायका वाजवतात कुठे, आई?" त्यावर आई म्हणाली होती, "खरंच की." त्या दोन शब्दांत कुठेही कुसकटपणा नव्हता, आणि तेच आता सहन होईना.

मावशीने तिला फार वेळ रडू दिलं नाही. "रंग काढ. मला रस्सा गरम असताना खायचाय."

"कुठलं गाशील?"

"बदकांचं. तिचं ते रोजचं होतं."

मावशीने घसा खाकरला आणि सुरू केलं. आवाज पातळ, नाकातला, एका पट्टीत चाललेला. ना चढ ना उतार, ना ताल धरायला हात. हॉलमध्ये असं कुणी गायलं असतं तर लोक दारूच्या टेबलाकडे वळले असते. एक पोर बापाची बदकं घेऊन बाजाराला निघते. पहिल्या फाटकाशी एक म्हातारी भेटते, म्हणते एक दे. पोर देते. दुसऱ्या फाटकाशी आजारी माणूस, त्यालाही देते. ओडालीने डब्यातला रंग कालवला, भांडी घासलेल्या पाण्याचा राखी निळा, आणि कुंचला फळीच्या डाव्या टोकाला टेकवला.

हात चालला. मधल्या इतक्या महिन्यांनी तो असा चालला की तिलाच दचकायला झालं. वॉल्ट्झची वळणं नव्हती, टू-स्टेपचे फटकारे नव्हते. एकच रेघ, पुढे पुढे जाणारी, प्रत्येक फाटकाशी जराशी जाड होणारी. फाटकागणिक एकेक पिवळट ठिपका तिच्यातून गळायचा आणि रेघ पुढे निघायची. मध्येच मावशीला खोकला आला. ओडालीचा हात वर गेला.

"का थांबलीस?"

"तू थांबलीस म्हणून."

"म्हणजे आता मी खोकायचंही नाही?"

"खोक. मी थांबते."

"फ्रूजे घराण्यात शहाणं कुणी जन्मलंच नाही," मावशी म्हणाली आणि पुढचं कडवं धरलं.

विधवेला एक बदक गेलं, शिपायाला एक, ज्याने नुसतं गोड बोलून मागितलं त्यालाही एक. पोर बाजारात पोचली तेव्हा हात रिकामे. बाजारातली माणसं हसली. सूर्य कलला आणि पोर घराकडे वळली. बाप दारात उभा. इथपर्यंत रेघ फळीवर बरीच उजवीकडे आली होती. मावशीने बाप दारात उभा असल्याची ओळ म्हटली, मग तीच पुन्हा म्हटली, मग तिसऱ्यांदा, अर्धीच.

ओडालीचा हात हवेत. "पुढे?"

"पुढचं येत नाही."

"आठव ना. बाप काय म्हणाला?"

"विसरले असते तर आठवलं असतं. मला ते कधी येतच नव्हतं." मावशी स्वतःच्या हातांकडे बघत होती. "आमची आई शेतावरून दमून यायची. मला निजवायचं काम यूलाचं. ती रोज हे गाणं म्हणायची, आणि बाप दारात आला की मला झोप लागायची. रोज तिथेच. पुढचं फक्त तिलाच येत होतं."

ओडालीने आठवून पाहिलं. मोरीपाशी उभी असलेली आई, पाण्यात लाल झालेले हात, बदकं, फाटक. आणि त्याच्यावर चढलेला रेडिओ. बाप काय म्हणाला ते त्या आवाजाखाली कुठेतरी होतं आणि ते तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. तिने कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला. मावशीने डोळ्यांना ॲप्रन लावला आणि रस्सा गार झाल्याबद्दल तिला बोल लावला. दोघींनी तो तिथेच बसून गारच खाल्ला.

पुढे त्या उपासांत मावशी दर शुक्रवारी यायची. पाच-सहा गाणी ओडालीने फळ्यांवर घेतली. त्यातली काही पुरी होती, काहींत मावशी गाळलेल्या कडव्यांवरून उडी मारून जायची आणि ओडालीही तेवढी जागा सोडून पुढे जायची. भातकापणी पुन्हा आली, वर्ष झालं. मावशीने काळं फडकं काढून घडी घातली, वायर सोडली आणि रेडिओ चालू होतो की नाही ते स्वतः बघून गेली.

त्या शनिवारी वेल्टन अकॉर्डियन घेऊन आला. वर्षभराने बहिणीच्या घरात वाजवायचं म्हणून त्याने केस विंचरले होते. आत येऊन तो आईच्या फळीसमोर थांबला. रेघ उजवीकडे जात जात मध्येच तुटली होती आणि पलीकडे हातभर नुसतं पांढरं होतं.

"हे भरून टाक की," तो म्हणाला. "एवढं अंदाजाने येईल तुला. बाप ओरडला असेल नाहीतर माफ केलं असेल. दोनातलं एक."

"नको."

"बरं दिसत नाही गं. असं वाटतं पोरगी घरात गेलीच नाही."

"गेली असेल," ओडाली म्हणाली. "मावशी झोपली होती. आणि मी रेडिओ मोठा केला होता."